मदत हवी आहे: सिकलसेलचा रिपोर्ट घरच्यांना कसा सांगायचा, हे सिस्टर-आशाताईंना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नर्स, आता गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेते. पुढच्या महिन्यात एएनएम (उपकेंद्रातल्या नर्स), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताई मिळून पंचवीस जणी दोन दिवस माझ्याकडे आहेत. विषय सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. बोट टोचून सोल्युबिलिटी (गावातच होणारी प्राथमिक चाचणी) करायची, पॉझिटिव्ह आली की नमुना एचपीएलसीला (प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला) पाठवायचा, हे आमच्या मुलींच्या हातात बसलंय. अडतं ते रिपोर्ट आल्यावर.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. चार महिन्यांची गरोदर सून. सिस्टरनं ओसरीवर, सासू आणि जावेसमोर कार्ड हातात दिलं आणि म्हणाली, "तू वाहक निघालीस." म्हणजे आजार नाही, पण त्याचा एक अंश अंगात आहे; नवराही वाहक असला तरच बाळाला आजार होऊ शकतो. नवऱ्याचं रक्त घेतलंच नव्हतं. आठ दिवसांत पोरगी माहेरी. "आमच्या घरात असलं काही नव्हतं, हिनं आणलं," हे सासूचं म्हणणं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं ते कार्ड पेटीच्या तळाशी, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलेलं होतं. पुढे नवऱ्याची तपासणी झाली, तोही वाहक! म्हणजे त्याच्याही आईबापांपैकी कुणाकडून तरी ते आलेलंच होतं. पण यात सहा आठवडे गेले, आणि गर्भाची तपासणी करायची का, हे ठरवायला त्या दोघांना फार थोडा वेळ उरला.

सिस्टर कामाला चोख आहे. तिला हे आम्हीच शिकवलं नाही, आणि हे मला फार लागतं.

अडचणी अशा. 'वाहक' म्हटलं की अर्ध्या जणींना वाटतं, याच्यापासून दुसऱ्याला लागण होते. दुसरं, आईबाप दोघं वाहक असले तर मुलांचं काय होऊ शकतं, हे दाखवायला मी वाडग्यात चार चिठ्ठ्या टाकते: एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. चौघींना एकेक उचलायला लावते. तरी शेवटी कुणीतरी म्हणतेच, "एकाला झालाय ना मॅडम, मग पुढची तिन्ही सुटली." हे कसं काढू डोक्यातून? आणि घरात आधी कुणाशी बोलायचं, हे शिकवायची काही रीत आहे का?

प्रतिसाद १

ताई, तो गैरसमज तुमच्या चिठ्ठ्यांतूनच येतोय. उचललेली चिठ्ठी परत वाडग्यात जात नाही, त्यामुळे चारात एक आजारी हमखास निघणारच. चिंचोके घ्या. दोन फोडा, आतली पांढरी बाजू म्हणजे सिकलचा अंश. एक आईचा, एक बापाचा. दोन्ही एकदम टाकायचे, दोन्ही पांढरे पडले तर बाळ आजारी. प्रत्येक गरोदरपणात नवा डाव. आपल्याकडे चिंचोक्यांवर खेळलेल्या बायांना हे सांगावंच लागत नाही, की मागचा डाव पुढच्याला बांधील नसतो. चिंचोका एका बाजूला जास्त पडत असेल तर नाणी वापरा.

प्रतिसाद २

मी समुपदेशक आहे. माझा नियम एकच: रिपोर्ट आधी जिचा तिला, एकटीला. मग तिलाच विचारायचं, घरात कुणाला बसवू? आणि गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त.

घरच्यांसमोर 'हिच्यात' हा शब्दच नको. जमिनीवर खडूनं तीन पिढ्यांचं झाड काढा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहकाचं अर्धं रंगवायचं. सासूच्या हातात खडू द्या. आपल्याच माहेरचा एखादा भाऊ लहानपणी हातपाय दुखून दुखून गेला, हे तिला आपसूक आठवतं. मग बोट सुनेकडे राहत नाही.

अजून एक, हे मात्र प्रशिक्षणात घ्याच. मूल आजारी आणि बापाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, असं दिसलं की गावात बाईवर संशय घेतात. बाप थॅलेसेमियाचा (रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा) वाहक असला तरी असं होतं, आणि ते एचपीएलसीतच कळतं. सिस्टरच्या तोंडून तोवर एक शब्द जाता कामा नये. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या सोल्युबिलिटीवर विसंबू नका, गर्भातलं हिमोग्लोबिन तेव्हा जास्त असतं.

गर्भाची तपासणी म्हटलं की सिस्टर लिंगनिदानाच्या कायद्याला घाबरतात. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ती करायला त्याच कायद्यात परवानगी आहे, हेही सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चिठ्ठ्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, सहा बॅचना तसंच शिकवलंय. त्यांना परत बोलवायची परवानगी मागतेय. 'वाहक'ऐवजी "अंगात एक अंश आहे, आजार नाही, आणि तो लागत नाही" असं सांगून पाहणार आहे. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या घरांत यासाठी कुणी कोणता शब्द वापरता का? माझ्या बॅचमध्ये सात आशाताई त्या गावांतल्या आहेत.