आरोपी बदलला, मार्शल तोच: ‘यू. एस. मार्शल्स’ हा उत्तरार्ध हवा होता का?

धाग्याचा प्रारंभ (जुळे सोलापूर)

खोट्या आरोपात अडकलेल्या माणसाच्या थरारपटाला उत्तरार्ध काढू नये, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी 1998 चा ‘यू. एस. मार्शल्स’ चर्चेला ठेवतो. तो 1993 च्या ‘द फ्युजिटिव्ह’चा पुढचा भाग. पहिल्या चित्रपटात शिकागोतील शल्यविशारद रिचर्ड किंबल (हॅरिसन फोर्ड) याला पत्नीच्या खुनाबद्दल देहदंड सुनावला जातो. कैद्यांच्या बसला अपघात होतो, तिच्यावर रेल्वे येऊन आदळते, तो निसटतो आणि कृत्रिम हात असलेल्या खऱ्या खुन्याचा माग काढू लागतो, तर त्याच्या स्वतःच्या मागावर मार्शल, म्हणजे फरारी पकडणारा अमेरिकी अधिकारी, सॅम्युएल जेरार्ड (टॉमी ली जोन्स) असतो. किंबल निर्दोष ठरला, गोष्ट संपली. त्याच्यावर पुन्हा आळ आणला असता तर हसे झाले असते, म्हणून निर्मात्यांनी आरोपीच बदलला आणि या खेपेस शेरिडन नावाच्या आरोपीला (वेस्ली स्नाइप्स) पळायला लावले. बसच्या जागी विमान आले, धरणातल्या उडीच्या जागी न्यूयॉर्कमधील इमारतीवरून धावत्या रेल्वेवर झेप आली. सगळे वाढले, फक्त काळजी वाटेनाशी झाली.

पहिल्या भागातील एकच प्रसंग आठवून पाहावा. सफाई कामगाराच्या वेशात रुग्णालयात शिरलेल्या किंबलच्या हाती एका जखमी मुलाला ढकलत नेण्याचे काम येते. तो वाटेतच मुलाचा एक्स-रे उजेडाकडे धरून पाहतो, कागदावरचे निदान बदलतो आणि त्याला थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत पोहोचवतो, तेही पकडले जाण्याची जोखीम पत्करून. हा माणूस खुनी नाही, हे तिथे कोणत्याही साक्षीपुराव्याविना पटते. उत्तरार्धातील शेरिडनच्या वाट्याला असा एकही प्रसंग आलेला नाही.

प्रतिसाद (सात रस्ता, व्यवसायाने वकील)

धागाकर्त्यांचा रोख समजला, पण मान्य नाही. पहिल्या भागाचा कणा किंबल नसून जेरार्ड आहे, आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे ऑस्करही जोन्सलाच मिळाले. धरणाजवळच्या बोगद्यात किंबलच्या हाती जेरार्डचेच पिस्तूल असते. मी बायकोला मारले नाही, असे तो सांगतो, आणि त्याचे मला काही देणेघेणे नाही, असे उत्तर त्याला मिळते. प्रेक्षकाला ते निर्दय वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते चोख उत्तर आहे. माणूस दोषी की निर्दोष हे न्यायालयाने ठरवायचे. मार्शलने त्याला न्यायालयापुढे उभे करायचे. आपल्याकडेही कायदेशीर कोठडीतून पळणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम 224 खाली स्वतंत्र गुन्हा होता आणि नव्या न्याय संहितेतही तो कायम आहे. मूळ आरोपातून सुटलात म्हणून पलायन आपोआप माफ होत नाही. असा काटेकोर माणूस दुसऱ्या प्रकरणात काय करील, ही उत्सुकता रास्त आहे, आणि उत्तरार्धाला तेवढे कारण पुरते.

शिवाय शेरिडनचा खटला किंबलच्या खटल्याहून अवघड आहे. किंबलने कोणालाच मारलेले नव्हते. शेरिडनने दोन सरकारी अधिकाऱ्यांना खरोखरच मारले आहे, पण स्वतःच्या बचावासाठी. बचावाचा हक्क सिद्ध करण्याचा भार आपल्या पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 105 प्रमाणे आरोपीवरच येत असे, आणि आजही येतो. ‘मी नव्हतोच’ म्हणणे सोपे. ‘मीच होतो, पण’ असे म्हणणाऱ्याचे वकीलपत्र घेऊन पाहा, म्हणजे कळेल.

प्रतिसाद (साखर पेठ)

वकीलसाहेब, तुमचा काटेकोर जेरार्ड दुसऱ्या भागात राहतोच कुठे? त्याचा तरुण सहकारी न्यूमन गोळी लागून मरतो, आणि तिथून पुढे हा पाठलाग सूडाचा होतो. ज्याच्या थंडपणावर तुम्ही एवढी इमारत रचली, तो थंडपणाच पटकथेने काढून घेतला. नायक खवळल्याशिवाय शेवट रंगत नाही, हा धंद्याचा हिशेब आहे. त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा रॉइस, म्हणजे जेरार्डच्या पथकात घातलेला सरकारी अधिकारी, पडद्यावर आला की पाच मिनिटांत कळते, पाणी कुठे मुरते आहे.

प्रतिसाद (विजापूर रस्ता, निवृत्त शिक्षक)

न्यूमनच्या मृत्यूबाबत माझे मत उलट आहे. पहिल्या भागात दुसऱ्या एका फरारी कैद्याने न्यूमनला ओलीस धरलेले असते आणि जेरार्ड वाटाघाटी न करता त्या कैद्याला न्यूमनच्या कानाशीच गोळी घालतो. त्या पोराला आपण तेव्हापासून ओळखतो, म्हणून त्याचे जाणे लागते. उत्तरार्धाला मिळालेली ही वडिलोपार्जित शिल्लक आहे आणि ती योग्य ठिकाणी खर्च झाली आहे.

मला मात्र महत्त्वाचे वाटते ते हातमोज्यांचे. खुनाच्या जागी शेरिडनच्या बोटांचे ठसे सापडले, असे सरकारी बाजू सांगते. जेरार्डचे सहकारी त्या प्रसंगाची चित्रफीत पाहतात, तर शेरिडनच्या हातात मोजे आहेत. मग ठसे आले कोठून? किंबलवर आळ आला तो एका औषधाच्या व्यवहारापायी, म्हणजे खासगी स्वार्थापायी. इथे सरकारनेच माणूस आधी ठरवला आणि पुरावा त्याच्या मापाने बेतला. आपल्या सोलापुरात मंगळवार पेठेतील पोलिसांच्या हत्येवरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, आणि तो आरोप खोटा होता, हे ऐकतच आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. अशा गावातल्या प्रेक्षकाने हे दृश्य सहज सोडून देऊ नये.

धागाकर्ता

सर, हुतात्म्यांच्या शेजारी हा चित्रपट ठेवायला मन धजत नाही. हातमोज्यांचा मुद्दा मात्र पक्का आहे, आणि नेमके तिथेच माझे दुखणे आहे. एवढा मोठा धागा हाती लागल्यावर चित्रपटाने त्याचे काय केले? सगळा दोष एका फितूर अधिकाऱ्याच्या माथी मारला आणि व्यवस्थेला मोकळे सोडले. पहिल्या भागात किंबल रुग्णालयांच्या नोंदी स्वतः धुंडाळतो आणि आपली सुटका आपल्या बुद्धीने कमावतो. शेरिडनचे निर्दोषत्व बहुतांशी मार्शलांच्या कार्यालयात, दुसऱ्यांच्या टेबलावर सिद्ध होते. ज्याच्यावर आळ आहे तोच गोष्टीत पाहुणा झाला.

प्रतिसाद (होटगी रस्ता, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

काका, नायक तोच ठेवून त्याच्यावर आळ आणला तर काय होते, हे ‘टेकन 3’ने 2014 मध्ये दाखवले आहे. लियाम नीसनच्या ब्रायन मिल्सवर घटस्फोटित पत्नीच्या खुनाचा आळ येतो आणि संकलनाची एवढी कापाकापी होते की कुंपणावरून मारलेली एक उडी कितीतरी तुकड्यांत दिसते. मात्र तपास अधिकाऱ्याला (फॉरेस्ट व्हिटेकर) संशय येतो तो गरम बेगलवरून. हा गोल पाव मिल्सने वाटेत विकत घेतलेला असतो, आणि खून करायला निघालेला माणूस खाऊ घेऊन जात नाही. चाळीस रुपयांच्या कल्पनेवर एवढा सुंदर पुरावा! त्यापुढे ‘यू. एस. मार्शल्स’मधील विमान मला फुकटचा खर्च वाटते.

प्रतिसाद (सात रस्ता, वकील)

बेगलचा पुरावा उलटतपासणीत दोन मिनिटेही टिकणार नाही. बनाव करणारा माणूसही पाव घेऊनच जाईल. हातमोजे टिकतील. धागाकर्त्यांना एवढेच विचारतो: निर्दोषत्व आरोपीने स्वतःच पळत, धडपडत सिद्ध करावे, अशी अपेक्षा आपण ठेवायची, की ते काम ज्यांचे आहे त्यांनी त्यांच्या टेबलावर बसून केले तर त्याला पटकथेचा दोष म्हणायचे?

धागाकर्ता

न्यायालयात दोष नाही, वकीलसाहेब. तिकीट काढून बसलेल्याला मात्र टेबल दोन तास पाहवत नाही.