रोजच्या फोटोंसाठी फोन पुरे, की वेगळा कॅमेरा हवाच?

सांजऊन : फोन पुरे, असं माझं ठाम मत. मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा जे हाताशी असतं त्यानेच फोटो निघतो. लोकांचा कौलही तोच आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीत २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत.

रानवाट : खप घटला म्हणून फोटो सुधारले असं होत नाही. तुमचंच उदाहरण घ्या. मूल घरात, संध्याकाळच्या उजेडात चालतंय. मोठ्या कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ३६ × २४ मिमीची, चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण १० × ७ मिमीचा. उजेड कमी मिळतो, म्हणून फोन लागोपाठ अनेक फ्रेम घेऊन एकत्र जोडतो. स्थिर वस्तूंना हे छान जमतं, पण मूल हललं की हातपाय फराटतात.

सांजऊन : पण याच जोडणीमुळे पूर्वी ट्रायपॉडशिवाय न जमणारे रात्रीचे फोटो आज हातात धरून निघतात! आणि कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कितीही मोठा असला तरी काय उपयोग?

कवडसा : माझा आक्षेप वेगळा आहे. फोन फोटोत स्वतःची भर घालतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी बहुतांशी अंदाजाने रंगवलेली असते. भुरभुरणारे केस बघा, कडा कापल्यासारख्या दिसतात. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवरून वाद झाला तो आठवा. मुद्दाम पुसट केलेला चंद्र पडद्यावर ठेवून टिपला, तर फोनने मूळ चित्रात नसलेले बारकावे भरले. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठल्या प्रोग्रामने पुसलेल्या मला नको आहेत. रोजच्या फोटोंनाच तर पुढे आठवणींचं मोल येतं.

सांजऊन : सुरकुत्यांचं पटलं. मात्र ब्यूटी फिल्टर बंद करता येतो, बऱ्याच फोनमध्ये रॉ फाइल, म्हणजे फारशी प्रक्रिया न केलेला कच्चा फोटोही मिळतो.

कवडसा : मिळतो, पण किती जण ते सेटिंग उघडतात? आपोआप जे निघतं तेच घराघरांत साठतंय.

रानवाट : आणि लांबून, मंद उजेडात रंगमंचावरची मुलगी टिपायची असेल, तर सेटिंग बदलून भागत नाही. तिथे मोठी लेन्सच लागते. मी छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा रोज बॅगेत ठेवते, वजन सोसून.