गोल्डन गोलवर राष्ट्रीय विजेता ठरवायचा?

कॅरीकर: डिसेंबर २०२४. आमच्या कॅरीतल्या (अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना) वेकमेड पार्कात अमेरिकी कॉलेज फुटबॉलची (म्हणजे सॉकरची) फायनल, व्हरमाँट वि. मार्शल. मार्शल पुढे होतं, ८१व्या मिनिटाला व्हरमाँटने बरोबरी साधली. जादा वेळेची पाच मिनिटं होतायत तोच व्हरमाँटचा किसेल बचावपटूंच्या मागे सटकला, गोल केला आणि खेळ खल्लास. लेक विचारतो, "बाबा, उरलेली पंधरा मिनिटं?" काय सांगू? जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपतो, हाच गोल्डन गोल. जगाने २००४च्या सुमारास मोडीत काढलेला नियम इथे अजून आहे. बरं, २०२२पासून साखळी सामन्यांत जादा वेळच नाही, बरोबरी चालते. म्हणजे हंगामभर न खेळलेला प्रकार पोरांनी एकदम बाद फेरीत खेळायचा!

पेठेतला_परदेशी: मार्शलसाठी गळा काढू नका. कोविडमुळे लांबलेली २०२०ची फायनल मे २०२१मध्ये याच मैदानावर झाली. तेव्हा आठ वेळच्या विजेत्या इंडियानाला त्यांनी गोल्डन गोलवरच लोळवलं होतं. तेव्हा गोड लागला ना नियम?

कॅरीकर: इंडियानावरही अन्यायच झाला. फिट्टंफाट म्हणजे न्याय नव्हे.

हौशी_रेफरी: ऑगस्टअखेर ते डिसेंबर, बऱ्याचदा आठवड्याला दोन सामने. पोटऱ्यांत गोळे येतात हो पोरांच्या. (दर शनिवारी लहान मुलांचे सामने घेतो, तिथेही बघतो.) जादा वेळेची वीस मिनिटं पूर्ण खेळवलीत तर शेवटची दहा नुसती टोलवाटोलवी होणार.

कॅरीकर: टोलवाटोलवी गोल्डन गोलच्या धास्तीनेच होते! चूक नको म्हणून दोघेही मागे बसतात. उपांत्य फेरीत व्हरमाँट-डेन्व्हर जादा वेळेतही सुटला नाही, पेनल्टीवर गेला. आणि दमण्याचं म्हणाल तर कॉलेजात बदललेला खेळाडू परत आत येऊ शकतो. ती सोय व्यावसायिकांना कुठे आहे?

चढाईबहाद्दर: प्रो कबड्डीत गोल्डन रेडला (बरोबरी फोडणाऱ्या निर्णायक चढाईला) टाळ्या पिटता, मग फुटबॉललाच सोवळं का?

कॅरीकर: गोल्डन रेडच्या आधी दोघांना पाच-पाच चढाया मिळतात. ते सोयीस्कर विसरलात.

चढाईबहाद्दर: बरं, हे मान्य.

हौशी_रेफरी: मला नाही मान्य. मानांकनसुद्धा नसलेल्या संघाने पहिलाच कप जिंकला. त्या रात्री व्हरमाँटच्या गावात, बर्लिंग्टनमध्ये, "उरलेली पंधरा मिनिटं?" असं एकाने तरी विचारलं असेल का?