कच्छहून काय आणावे? कपाटात न पडता वापरात राहतील अशा वस्तूंविषयी विचारणा

वैजयंती

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, सासूबाई आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी, पुण्याहून कच्छला जाणार आहोत. दोन रात्री धोरडोला पांढऱ्या रणाजवळ आणि उरलेला मुक्काम भूजमध्ये आहे. प्रवास आणि राहण्याची सोय झाली आहे, त्यामुळे प्रश्न केवळ खरेदीविषयी आहे.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक काचेचे कपाट आहे. त्यात संगमरवरी ताजमहाल, शिंपल्यांचा गणपती, चंदनाचा म्हणून घेतलेला हत्ती अशी मंडळी दाटीवाटीने बसलेली आहेत आणि दिवाळीपूर्वी धूळ पुसण्यापलीकडे त्यांच्याशी कोणाचा संबंध येत नाही. या वेळी पंधरा हजार रुपयांच्या आत, मोजक्या आणि रोजच्या वापरात राहतील अशाच वस्तू घ्याव्यात, असे आम्ही ठरवले आहे. अजरख, बांधणी, भरतकाम, रोगन ही नावे ऐकून माहीत आहेत. परंतु अस्सल माल कोणता आणि यंत्रावर छापलेला कोणता, हे दुकानात उभे राहून कसे ओळखायचे, ते कळत नाही. खरेदी धोरडोच्या रण उत्सवातील दुकानांतून करावी की कारागिरांच्या गावी जाऊन? सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. शिवाय मेलबर्नला राहणाऱ्या नणंदेसाठी काहीतरी पाठवायचे आहे.

नीळ_मंजिष्ठ

वैजयंतीताई, माझा वस्त्रांशी कामानिमित्त संबंध येतो, म्हणून अजरखाविषयी, म्हणजे ठसे उमटवून रंगवलेल्या कापडाविषयी, थोडे सविस्तर लिहितो.

अजरखाचे मोठे केंद्र पूर्वी धमडका हे गाव होते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्याची पातळी आणि गुण दोन्ही बदलले आणि धुलाईवर उभ्या असलेल्या या धंद्याला ते परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे खत्री कारागिरांपैकी अनेक कुटुंबांनी भूजच्या पूर्वेला नवे गाव वसवले. तेच आजचे अजरखपूर. भूजहून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते आणि बहुतेक कार्यशाळांच्या दारापर्यंत गाडी जात असल्यामुळे आपल्या सासूबाईंना अडचण येऊ नये. शुक्रवारची दुपार मात्र टाळावी, ती नमाजाची वेळ असते.

ओळखण्याच्या दृष्टीने एक गोष्ट समजून घेतली की बाकीचे सोपे होते. अजरखात पार्श्वभूमीचा रंग छापलेला नसतो, कापड रंगात बुडवलेले असते. आधी कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्याने ते पिवळसर होते. मग चुना आणि डिंक यांच्या लेपाने ठसे उमटवतात, म्हणजे तेवढ्या रेषा पुढे पांढऱ्या राहतात. भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून काळा रंग करतात आणि तो चिंचोक्याच्या पिठाने दाट करून छापतात. लाल जिथे हवा तिथे तुरटीचा ठसा पडतो. त्यानंतर निळीच्या हौदात बुडवणे, धुणे आणि मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिन या लाल रंगाच्या उकळत्या पाण्यात शिजवणे असा क्रम असतो. त्यामुळे कापड उलटून पाहावे. निळी पार्श्वभूमी दोन्ही बाजूंनी सारखीच गडद असेल, तर ते बुडवलेले कापड आहे. मागची बाजू फिकट, पांढुरकी दिसली, तर ते बहुधा यंत्रावर किंवा जाळीने छापलेले आहे. नक्षी मागे उमटलेली नसली, तरी तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नये, कारण एका बाजूने छापलेला अजरखही परंपरेतलाच आहे. दोन्ही बाजूंनी तंतोतंत ठसा जुळवलेल्या कापडाला मेहनत दुप्पट लागते आणि किंमतही त्या मानाने जास्त असते.

दुसरी खूण ठशांच्या सांध्यावर सापडते. हाताने ठसा ठेवताना कोठेतरी रेघ किंचित चढते, कोठेतरी केसाएवढी फट राहते. चार मीटरमध्ये एकही सांधा हललेला दिसत नसेल, तर शंका घ्यावी. ओल्या रुमालाने रंग चोळून पाहण्याची युक्ती मात्र येथे कामाची नाही, कारण खऱ्या निळीचाही थोडा रंग सुरुवातीला हाताला लागतोच. पहिल्या काही धुण्यांना कापड वेगळे ठेवावे, साधा साबण वापरावा आणि सावलीत वाळवावे. नैसर्गिक रंग आहेत का, असे थेट विचारण्यासही संकोच करू नये. त्याच गावात रासायनिक रंगांचे स्वस्त कापडही होते आणि चांगला कारागीर ते लपवत नाही.

आपल्या घरासाठी मी दुपट्टा किंवा पलंगपोस सुचवीन, भिंतीवर टांगायचा तुकडा नव्हे.

वामकुक्षी

नीळ_मंजिष्ठ यांनी जे लिहिले आहे त्यात भर घालण्याएवढे माझे ज्ञान नाही, पण एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. पंधरा हजारांतले तीन-चार हजार शेजारीपाजारी, मदतनीस, कार्यालयातील सहकारी यांच्यासाठीच्या किरकोळ वस्तूंत नकळत जातात, आणि त्या किल्लीच्या साखळ्या व आरसे लावलेले बटवे त्यांच्या घरी जाऊन पुन्हा काचेच्या कपाटातच बसतात. सोसायटीसाठी खाऊ आणावा. डिसेंबर हा अडदियाचा हंगाम आहे. उडदाचे पीठ, तूप, डिंक आणि गरम मसाले घातलेली ही थंडीतली मिठाई बऱ्यापैकी टिकते. दाबेली मूळची मांडवीची, तेव्हा तिथे जाणार असाल तर मसाल्याची पुडकी घ्या, त्यावर पुण्यात कोणीही नाक मुरडणार नाही. भूजचा गुलाबपाक उत्तम असतो, पण तो खव्याचा असल्याने शेवटच्या दिवशीच घ्यावा.

मुलुंडकर

आमच्या मुलुंडात कच्छी शेजार असल्याने तिकडे जाणेयेणे आहे, म्हणून दुसऱ्या बाजूच्या गावाविषयी लिहितो. धोरडोकडे जाताना थोडी वाट वाकडी केली की निरोणा लागते आणि या एकाच गावात तीन कला पाहायला मिळतात. वेळ कमी असेल तर उत्सवातील दुकानांत फिरण्याचा एक तास वाचवून येथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगन म्हणजे घट्ट तेलरंगाने कापडावर काढलेली नक्षी. त्यासाठी एरंडेल तेल कित्येक तास उकळून इतके घट्ट करतात की त्याला मधासारखी तार येते. त्यात खनिज रंग घोटतात. कारागीर त्यातला लहानसा गोळा डाव्या तळहातावर घेऊन लोखंडी सळईने मळत राहतो, मग त्याची तार ओढून कापडावर सोडतो. सळईचे टोक कापडाला जवळजवळ टेकतच नाही, रेघ हवेतून खाली येऊन बसते. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दाबतात आणि उरलेली अर्धी आपोआप उमटते. 2014 मध्ये पंतप्रधान मोदी यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना रोगनचे चित्र भेट दिले, तेव्हापासून गावात पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे. कल्पवृक्षाचे मोठे चित्र आपल्या अंदाजपत्रकात बसणार नाही, आणि बसले तरी ते भिंतीवरच जाणार. लहान चित्र घ्यायचेच असेल, तर चौकटीशिवाय घ्यावे आणि मध्ये कागद ठेवून गुंडाळी करावी, कारण रंगाचा थर उठावाचा असतो आणि घडीवर तो दुखावतो.

वापराच्या दृष्टीने मला लोहारांच्या घंटा अधिक आवडतात. लोखंडी पत्रा ठोकून, जोडकाम न करता केवळ कडा एकमेकींत अडकवून घंटा घडवतात, तिच्यावर तांबे-पितळेची पूड लावून मातीत लपेटतात आणि भट्टीत घालतात. बाहेर आल्यावर खरे काम सुरू होते: कारागीर काठावर हातोडीचे हलके घाव घालत कान देऊन सूर लावतो, आत लाकडाची जीभ बसवतो. मूळ उपयोग गुराढोरांच्या गळ्यात बांधण्याचा असल्याने आवाज दूरवर जावा आणि आपले जनावर ओळखू यावे, हा हेतू आहे. म्हणून घंटा घेताना चकाकी पाहू नये, चार-पाच वाजवून पाहाव्यात. आमच्या दारावर घंटीच्या बटणाऐवजी तीच आहे. लाखकाम केलेली लाटणी आणि पळ्याही तिथेच मिळतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून रंगाचे पट्टे चढवताना पाहण्यासारखे असते. लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे पळीची रंगीत मूठ गॅसच्या ज्योतीपासून लांब राहील असे पाहावे.

भावाविषयी एक शब्द. उत्सवातील काही दुकानांत आधी तिप्पट सांगून मग निम्म्यावर येण्याची रीत आहे, तिथे घासाघीस करावी. कारागिराच्या ओसरीवर बसून, त्याचा चहा पिऊन, त्याने अर्धा तास काम करून दाखवल्यावर शंभर रुपयांसाठी हुज्जत घालणे मात्र शोभत नाही. दोनतीन वस्तू एकदम घेत असाल, तर तो स्वतःच काही कमी करतो.

अपूर्वा_स

वरील प्रतिसादांशी मी बरीचशी सहमत आहे, परंतु ‘गावात घेतले म्हणजे अस्सल’ हे सूत्र भरतकामाला लागू पडत नाही, असे नम्रपणे नोंदवते. गावातल्या प्रत्येक ओसरीवर टांगलेले सर्व काही त्याच घरात झालेले नसते. बाहेरून आणलेला माल तिथेही असतो. उलट भरतकाम करणाऱ्या स्त्रिया दूरदूरच्या वस्त्यांत विखुरलेल्या असल्यामुळे त्यांचे काम एकत्र आणणाऱ्या संस्थांकडून घेणे हाच अनेकदा खात्रीचा मार्ग ठरतो. श्रुजन ही संस्था 1969 च्या दुष्काळाच्या काळात चंदाबेन श्रॉफ यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच परिवारातील एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे हस्तकलांचे संग्रहालय अजरखपुरात आहे आणि खरेदीला निघण्यापूर्वी ते पाहावे, असा माझा आग्रह राहील. सुफ, रबारी, आहीर, जत, मुतवा अशा भरतकामांतील फरक तिथे जवळून दिसतो आणि मग दुकानातली नजर बदलते. सुफचे काम तर कापडाच्या मागच्या बाजूने, धागे मोजत केले जाते. कापडावर आधी नक्षी रेखलेली नसते. असे काम केलेली वस्तू उलटून पाहिली, तर मागची बाजूही नीटनेटकी असते. यंत्राच्या भरतकामात मात्र मागे एकसारखा दोरा आणि चिकटवलेला अस्तराचा कागद दिसतो. आरशांकडेही पाहावे: हाताने केलेल्या कामात प्रत्येक आरशाभोवती टाके घालून त्याला धरलेले असते, स्वस्त मालात नुसता चकाकता प्लास्टिकचा तुकडा डकवलेला असतो.

त्याच रस्त्यावर भुजोडी आणि कुकमा आहेत. भुजोडी हे वणकर समाजातील विणकरांचे गाव, आणि तेथील शालीला मी पहिली पसंती देईन. काला कॉटन हा कच्छमधील पावसाच्या पाण्यावर वाढणारा देशी कापूस आहे. त्याचे कापड हाताला थोडे जाडेभरडे लागते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते. कुकम्याची खमीर ही संस्था भूकंपानंतरच्या काळात उभी राहिली असून तिथे काला कॉटनची माहिती आणि माल दोन्ही मिळतात. सासूबाईंसाठी हा एक दिवस पुरे आहे, कारण तिन्ही ठिकाणे एकाच दिशेला आणि जवळजवळ आहेत. हातमागाच्या मालावर हँडलूम मार्कची खूण असल्यास उत्तम, मात्र ती विणकामाची हमी आहे, छपाईची किंवा भरतकामाची नाही.

एका गोष्टीपासून जपावे. ‘आजीच्या लग्नातली’ म्हणून जुनी कांचळी (चोळी) किंवा तोरण कोणी दाखवील. ते खरेही असू शकेल. अशा वस्तू अडचणीच्या काळात घराबाहेर पडलेल्या असतात आणि नव्या पिढीला नमुना म्हणून त्यांचीच गरज असते, म्हणून मी त्या घेत नाही. आपल्याला तर नणंदेला परदेशी पाठवायचे आहे; शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवण्यास 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार बंदी आहे, तेव्हा त्या भानगडीत पडूच नये. रणाच्या वाटेवर शंखशिंपल्यांच्या आकाराचे दगड विकायला येतात, त्यांतले काही खरोखरच जुरासिक काळातील जीवाश्म असतात. तेही जागच्या जागी राहिलेले बरे.

वैजयंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिशा आता स्पष्ट झाली: एक दिवस भुजोडी, कुकमा आणि अजरखपूर, दुसऱ्या दिवशी निरोणामार्गे धोरडो. मुलीने घंटेवर आत्ताच हक्क सांगितला आहे. नणंदेसाठी शाल, लाखकामाचे लाटणे आणि अडदिया असा विचार आहे. तिच्या सासरची मंडळी जानेवारीत तिकडे जाणार आहेत, त्यांच्या सामानात देता येईल. यात काही अडचण आहे का?

यारा_काठचा

मी मेलबर्नमध्येच राहतो, म्हणून उत्तर देतो. शाल निर्धास्तपणे पाठवा. वजनाला हलकी, जागा कमी घेणारी, आणि येथील जून-जुलैच्या थंडीत रोज वापरली जाणारी. लाटणे लाकडी असल्यामुळे विमानात भरून द्यावयाच्या प्रवेशपत्रावर ‘लाकडी वस्तू’ म्हणून नोंदवावे लागेल. नोंदवले आणि लाकडाला साल किंवा किडीची भोके नसली, तर ते सहसा पाहून परत देतात. न नोंदवता सापडले, तर मात्र भरभक्कम दंड होतो. निरोण्यात लाटणे घेताना टोकांशी नीट पाहून घ्या. घंटेच्या आतली जीभही लाकडाची असते, त्यामुळे पुढे कधी ती पाठवाल तेव्हा हाच नियम लागेल.

अडदिया पाठवू नका. खाण्याचा पदार्थ म्हणून तो जाहीर करावा लागतोच, त्यात तूप आहे, आणि दुग्धजन्य पदार्थांच्या बाबतीत येथील अधिकारी कडक आहेत. मिठाई विमानतळावरच्या पेटीत जाण्यापेक्षा पुण्यातच संपलेली बरी. शालीबरोबर विणकराचे आणि गावाचे नाव असलेली चिठ्ठी किंवा पावती ठेवा. येथे लोक शाल पाहून कोठची, कोणी विणली, असे हमखास विचारतात, आणि नणंदेला ते सांगता येईल. एक विनंती: शाल एकाहून अधिक रंगांत मिळत असेल, तर मळखाऊ रंगाची निवडा. येथे लोकरी आणि जाड सुती कपडे धुऊन वाळवायला हिवाळ्यात फार वेळ लागतो.