मिरचीला हात मिळेनात, निजामाबादच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही

खळेवाला
आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या लाल मिरचीचं नाव लांबवर. पण माल खळ्यावर पडून आहे आणि देठ खुडायला बाया नाहीत. मागच्या हप्त्यात चाळीस जणी पाहिजे होत्या, आल्या अकरा. बाकीच्या बासरचा पूल ओलांडून तेलंगणात निजामाबादकडं हळदीच्या कामाला जाऊलालेत. आपल्या माणसानं परराज्यात राबायचं आणि आपला बाजार बसायचा, हे कुठवर? माझं म्हणणं, हंगामापुरतं तरी गावातल्यानं आधी गावचं काम करावं. ग्रामपंचायतीनं तसा ठराव घ्यावा.

पोचम्मागल्ली
ठराव? कामाला कुठं जायचं हे आता पंचायत ठरवणार का? माझी माय वीस वर्षं देठ खुडते. पैसे किलोवर. वाळलेली मिरची वजनाला हलकी, ढीग उपसला तरी काटा हलत नाही. संध्याकाळी भाकर थापायच्या आधी ती बोटं ताकात बुडवून बसते. धाकट्याला जवळ घेत नाही, चुकून डोळ्याला हात लागंल म्हणून. हळदीला रोजावर काम आहे, पैसे दिवे लागायच्या आत हातात. तुमच्याकडं मागच्या हंगामाचा हिशोब होळीपर्यंत चालला होता, दादा.

गोदाकाठ
दोघंही फांद्या हलवायलेत, मूळ वेगळंच आहे. २०१८ ला आपल्या तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणलं, ते काय हौस म्हणून? तिकडं त्याच साली शेतकऱ्यांसाठी रयतू बंधू योजना आली, एकरी ४००० रुपये, दर हंगामाला. शेतीला २४ तास फुकट वीज. शेतकऱ्याच्या खिशात असंल तर तो मजुरी देईल. आपल्याकडं गोदावरीवर बाभळी गावाजवळ बंधारा बांधला, पण सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडीच ठेवायची. पावसाळ्याचं पाणी डोळ्यादेखत तेलंगणातल्या पोचमपाड धरणाला जातं. त्याच्या मागं माणसं गेली तर नवल काय?

बिनसातबारा
रयतू बंधू जमीन नावावर असणाऱ्याला होती. बटईनं करणाऱ्याला नाही, मजुराला तर नाहीच. गावं तिकडं गेली असती तर पैसे मालकाच्या खात्यात पडले असते, माझ्या बायकोच्या हातातलं खुरपं तेच राहिलं असतं. तेव्हा मजुराच्या नावानं तेलंगणाचं गाणं गाऊ नका.
आणि ‘परराज्य’ कशाला म्हणता? १९५६ पर्यंत धर्माबाद आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. आजीचं माहेर तिकडचं, आमच्या घरात भांडण अजून तेलुगूतच होतं.

फळा-खडू
सकाळी जाऊन रात्री परत येणं वेगळं आणि बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जाणं वेगळं, ते एका मापानं मोजू नका. माझ्या वर्गातली सहा लेकरं संक्रांतीपासून नाहीत. मागच्या वर्षी एक मुलगी परत आली तर मराठी वाचताना बोट ठेवून अडखळायली. तिकडच्या शाळेत फळ्यावर तेलुगू, ही मागच्या बाकावर भावाला मांडीवर घेऊन. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, पण सुरू होईस्तोवर आईबाप निघून गेलेले असतात. जाऊ नका असं मी कोणाला म्हणत नाही. लेकरं ठेवून जा म्हणतो, तर कोणाजवळ ठेवू विचारतात. उत्तर माझ्याजवळ नाही.

बिनसातबारा
गुरुजी, खरंय. आम्ही आईजवळ ठेवलं. रेशनची भीती होती, पण एकाच कार्डावर थोडं धान्य इथं, थोडं तिकडं उचलता येतं. आईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, ती कटकट वेगळीच.

गोदाकाठ
मुकादमामार्फत पाच किंवा जास्त माणसं परराज्यात नेली तर नोंद पाहिजे, जाण्यायेण्याचा खर्च पाहिजे, हे १९७९ च्या कायद्यातच होतं. एका तरी मुकादमानं हातावर कागद ठेवला का?

खळेवाला
सगळे माझ्यावरच घसरले. भाव वर गेला की व्यापारी मालात ओलावा आहे म्हणून खोड काढतो, पडला की कोणी विचारत नाही. रोज कुठून वाढवू? तरी ठरावाची गोष्ट मागं घेतो. किलो सोडा, रोजावर या. पोचम्मागल्ली, मायला विचारून सांग.

पोचम्मागल्ली
विचारलं. माय म्हणते, रोज किती ते आधी सांगा. आणि त्या दिवशीचे त्या दिवशी द्याल का?