मदत हवी आहे: अँबियंट गिटार, अर्धे ऐकतात अर्धे गप्पा मारतात

कोथरूडच्या एका कॅफेत ४० मिनिटं अँबियंट (ठेक्याशिवाय संथ पसरणारे सूर) वाजवलं, लूपर (वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणारं यंत्र), डिले (उशिरा येणारा प्रतिध्वनी), लांब रिव्हर्ब (हॉलसारखा घुमणारा आवाज), बस. पुढची दोन टेबलं डोळे मिटून, मागे मात्र फ्लॅटच्या भावांवर चर्चा, आणि एक काका येऊन म्हणाले, "ट्यूनिंग झालं की सुरू करा हं" (हसू आलं, पण लागलंही). आवाज वाढवला तर ते अजून जोरात बोलतात, लो कट (खालचे जाड सूर कापणारा फिल्टर) १५० हर्ट्झला लावून गढूळपणा गेला, गप्पा नाही. स्पीकर एकच, काउंटरपाशी, जागा बदलता येत नाही, ड्रम-गाणं नको, १० ला बंद. पुढच्या वेळी मागे ९ मीटरवर दुसरा छोटा स्पीकर हळू आवाजात, २६ मिलीसेकंद उशिरा (पुढचा आवाज तिथे पोहोचायला तेवढाच वेळ लागतो) लावू, की आधी भूप रागातली साधी धून वाजवून मग ती लूपमध्ये विरघळवू? कोणी केलंय का असं, मागचे खरंच गप्प होतात?