मदत हवी आहे: नदीतल्या झिंग्याच्या ग्रंथीत नलिका नाही, मग क्षार टिकतात कसे?

नमस्कार मंडळी, नागपूरला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय. सेमिनारला कवचधारींची (झिंगे, खेकडे वगैरे) उत्सर्जन इंद्रियं हा विषय घेतलाय. मंगळवारी बाजारातून गोड्या पाण्यातले झिंगे आणले आणि ट्रेमध्ये पाण्याखाली उघडले. दुसऱ्या अँटेनाच्या (स्पर्शिकेच्या) बुडाशी पांढरट, वाटाण्याएवढी उत्सर्जन ग्रंथी दोन्हीकडे नीट मिळते. जठरावरची रीनल सॅक, म्हणजे या ग्रंथींना जोडलेली पिशवी, मात्र इतकी पातळ, की कवच उचललं की फाटतेच.

अडलंय ते असं. क्रेफिशच्या (गोड्या पाण्यातला, लॉबस्टरसारखा कवचधारी) ग्रंथीत एंड सॅक (टोकाची पिशवी), लॅबिरिंथ (नागमोडी पोकळ्यांचा भाग), मग लांब नलिका, शेवटी मूत्राशय. नलिका क्षार परत शोषते, म्हणून मूत्र रक्तापेक्षा पातळ. समुद्री लॉबस्टरला नलिका नाही, ते पटतं. पण आपला झिंगा नदीतला, अंगात पाणी सतत शिरणार, आणि त्यालाही नलिका नाही! मग तो जगतो कसा?

दुसरं, डॅफ्निया आणि आर्टेमिया या बारीक कवचधारींत हीच ग्रंथी मॅक्सिलापाशी (तोंडाजवळच्या जबड्याच्या उपांगापाशी) असते. ती तिकडे सरकली का?

प्रतिसाद:
ताई, कल्ल्यांकडे बघा. अमोनिया मुख्यतः तिथूनच बाहेर पडतो, आणि पाण्यातून सोडियम, क्लोराइड ओढून घेणाऱ्या पेशीही तिथेच असतात. मूत्रातून गेलेलं कल्ले भरून काढतात. गोड्या पाण्यातला पोटॅमॉन खेकडा बघा. त्याचं मूत्र रक्ताइतकंच खारं, पण अगदी थोडं, कारण अंगात पाणीच कमी शिरतं. क्रेफिशचे पूर्वज गोड्या पाण्यात फार आधी आले. उलट मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या मोठ्या झिंग्याच्या अळ्यांना आजही मचूळ पाणी लागतं, म्हणजे खाऱ्या पाण्याशी त्याचं नातं अजून तुटलेलं नाही. सेमिनारचा जीव माझ्या मते इथेच आहे, यावर वेळ द्या.

ग्रंथी सरकलेली नाही, त्या दोन वेगळ्या जोड्या आहेत. घडण मात्र एकच. एंड सॅक म्हणजे देहगुहेचा उरलेला तुकडा, तिच्या भिंतीत पोडोसाइट (गाळणीचं काम करणाऱ्या) पेशी, आपल्या मूत्रपिंडात असतात तशाच. पेरिपॅटस या अळीसारख्या, अनेक पायांच्या प्राण्यात अशा जोड्या बहुतेक पायांच्या बुडाशी दिसतात, कवचधारींत दोनच राहिल्या. आर्टेमियाच्या नॉप्लियस अळीत अँटेनाची जोडी काम करते, प्रौढात मॅक्सिलाची. झिंगे-खेकड्यांच्या प्रौढांत अँटेनाचीच असते.

रीनल सॅकसाठी कवच एकदम ओढू नका. मागच्या कडेपासून बारीक कात्रीने थोडं थोडं कापा, आतली त्वचा सुईने सोडवत पुढे या.